खुंट्यावरचा दुसरा हात

सांगलीच्या गावभागात, कृष्णेच्या घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात, तेव्हा डोळ्यांचं एक लहानसं रुग्णालय होतं. खाली ऑपरेशनची खोली आणि मोजक्या खाटा, वर एक लांबट माडी. त्या माडीवर डॉक्टर गंगाधर मोडक बसत. ते डोळ्यांचे डॉक्टर नव्हते, आणि हे त्यांना रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागे. "मी डोळ्यांच्या मागचं बघतो," असं ते म्हणत. मग समोरचा माणूस हमखास वाकून त्यांच्या मानेकडे पाही. गंगाधररावांना त्याचं हसू येत नसे, कारण त्या माणसाची फारशी चूक नव्हती. दृष्टीचं काम करणारा मेंदूचा भाग खरोखरच तिथं, डोक्याच्या मागच्या बाजूला असतो.

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. विलायतेत काही वर्षं मेंदूवर काम करून ते परतले होते. तिथल्या मोठमोठ्या लोकांचं मत असं, की बघायला शिकण्याचा एक काळ असतो आणि तो बालपणीच संपतो. तेवढ्या काळात डोळ्यांवर पडदा राहिला, तर पुढे तो काढूनही उपयोग नसतो. मांजरीच्या पिल्लांवर हे दाखवून दिलेलं होतं. गंगाधररावांना ते पटलेलंही होतं आणि नव्हतंही. माणूस म्हणजे मांजर नव्हे, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि तेही ते मोठ्या आवाजात मांडत नसत. विलायतेत जन्मजात मोतीबिंदू तान्हेपणीच काढून टाकतात. आपल्याकडे तो घेऊन माणसं तिशी-चाळिशीला पोचतात. नेत्रशिबिरांतून अशी माणसं सापडतील, त्यांची ऑपरेशनं होतील, आणि त्यांचा मेंदू बघायला शिकतो की नाही ते आपल्याला नीट पाहता येईल, या हिशेबाने ते सांगलीला आले.

माडीत फार सामान नव्हतं. सुताराकडून करून घेतलेले लाकडी ठोकळे, रंगीत पुठ्ठे, आणि मधोमध एक जाड पडदा. पडद्याला हात आरपार जाईल एवढी भोकं. हळदीच्या दिवसांत वारा पेठेकडून वाहू लागला, की त्या खोलीतल्या पांढऱ्या चादरींनासुद्धा हळदीचा वास लागे.

बनुबाई आली ती त्या हिवाळ्यात. फलटणच्या अलीकडे, कालव्याकाठच्या एका गावची. वय तिशीचं. जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड आहे की नाही, एवढंच तिला कळे. तिचा नवरा नाथाजी फौजेत हवालदार होता आणि बांगलादेशच्या लढाईनंतर पेन्शनीत आला होता. मामाची पोर म्हणून त्याने ती करून घेतली होती. "आंधळी हाय ही काय चोरी व्हती का?" तो म्हणे. "ल्हानपणी लपाछपी खेळताना हीच मला आधी धरायची."

ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढायच्या दिवशी नाथाजी कडक इस्त्रीचा गणवेश घालून, छातीवर मेडलं लावून आला. बायको पहिल्यांदा बघणार, ती आपल्याला अशी बघू दे, असं त्याच्या मनात होतं. गंगाधररावांनी स्वतः पट्टी सोडली आणि जाड भिंगांचा चष्मा तिच्या नाकावर ठेवला. बनुबाई बराच वेळ समोर पाहत राहिली. मग म्हणाली, "काय तरी हलतंय. झाड हाय का?"

"झाड न्हाई, तुजा नवरा हाय," नाथाजी म्हणाला. खोलीतले सगळे हसले. तोही हसला, पण गणवेशाचं वरचं बटण त्याने उगाचच काढलं आणि पुन्हा लावलं.

"आता दिसंल ना हिला?" त्याने जिन्यात विचारलं.

"डोळे साफ झालेत. पण बघतो तो मेंदू." गंगाधरराव थोडे थांबले. "तुमच्या रानाचा एक तुकडा तीस वर्षं कुणी पेरला नाही, तर काय होईल?"

"पड कोण ठिवतंय साहेब? शेजारी घुसंल की."

"तेच झालंय. डोळ्यांच्या वाट्याची जागा रिकामी पडली, तिथं बोटांनी पेरलं. बनुबाईंची बोटं आपल्यापेक्षा हुशार आहेत ती म्हणून. आता डोळ्यांनी ती जागा परत मागायची आहे."

नाथाजीने मिशीवरून हात फिरवला. "म्हंजी बोटांचं कूळ लागलंय म्हना की! मग अवघड हाय. कूळ कवा सुखासुखी उठतंय व्हय?"

"उठेल. पण डोळे रोज वापरले तर. मिटून ठेवले, तर आहे तेवढीही नजर जाईल, आणि मग कुठलंही ऑपरेशन करून ती परत येणार नाही."

नाथाजीने मान हलवली. त्याला हे चांगलं समजलं होतं.

बनुबाई शिकत गेली. सुरुवातीला डोळ्यांपुढे चेंडू धरला तरी तिला काही सांगता येत नसे. डोळे मिटून हात लावला, की "गोल!" म्हणे आणि डोळे उघडून पुन्हा बघे. आधी स्पर्श, मग नजर, असं तिचं चालायचं. शिमग्यापर्यंत तांब्या, वाटी, पायरी, गाईचं शिंग कळू लागलं. रंग तर झटकन आले. चेहरे मात्र येईनात. नाक, डोळे, तोंड सगळं वेगवेगळं दिसे, पण माणूस ओळखायचा तर हात लावावा लागे. गंगाधररावांना ते अपेक्षितच होतं.

शिमग्यानंतर घरची माणसं भेटायला आली, तेव्हा गंगाधररावांनी पडद्याची चाचणी घेतली. माणूस पडद्यामागे बसून भोकातून हात पुढे करी. बनुबाईने आधी डोळे मिटून तो हात ओळखायचा, मग डोळे उघडून पाहायचा. नाथाजीचा हात तिने धरताक्षणी सोडला. "ह्यो बंदूकवाल्याचा." सासरे लालासाहेब यांचा हात काही तिने धरला नाही. "मामंजींचा हात कसा धरू?" म्हणून पदर पुढे ओढला. म्हाताऱ्याने मग भोकातून आपली काठी सरकवली. ती तिने बरोबर ओळखली.

तिसरा हात थोरल्या जावेचा, विजयमालाचा.

बनुबाईने तो दोन्ही हातांत घेतला. तळवा चाचपला, बोटांची पेरं मोजल्यासारखी दाबून पाहिली. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"सांग की गं, कोन?" पडद्यामागून विजयमालाला राहवलं नाही.

"आवाज जाऊबाईंचा हाय," बनुबाई म्हणाली. "हात त्येंचा न्हाई."

"तर मग काय भाड्यानं आनलाय?"

"जात्यावर रोज माझ्या समूर बसता तवा खुंट्यावर हाताला हात लागतुया. त्यो रुंद हाय. त्येच्या करंगळीचं पेर वाकडं हाय."

विजयमाला पडदा सारून बाहेरच आली. "मी? जात्यावर? आवं डाक्टर, ही लगीन होऊन आली तवापसनं डाळ भरडायचं काम हिच्याच गळ्यात घातलंय म्या. दुपारची मी रानात असती. इचारा मामंजींना."

"येकलीच भरडती," लालासाहेब म्हणाले. "तिची घरघर ऐकतच डोळा लागतुया माजा."

मग एकेक गोष्ट कळत गेली. पीठ गिरणीवरून येई, पण तूर-हरभऱ्याची डाळ घरच्या जात्यावर व्हायची, तीही दुपारी. त्या वेळी लालासाहेब सोप्यात आडवे झालेले असत. सासरा झोपला असताना सुनांनी जात्यावर गाणं म्हणायचं नाही, बोलायचं नाही, अशी त्या घराची रीत होती. बनुबाई जात्याशी बसे. थोड्या वेळाने समोर कुणी तरी बसे आणि खुंट्याला दुसरा हात लागे. ही जाऊच असणार, असं तिने पहिल्या दिवशी धरलं, आणि पुन्हा कधी विचारायची वेळच आली नाही.

बनुबाईने चष्मा नीट केला आणि विजयमालाच्या तोंडाकडे, तिला ते कळत नसतानाही, पाहिलं.

"मग तुमचं बोलनं म्या कशापायी सोसलं?" ती म्हणाली. "दिसभर टोचत्यात, पर दुपारी येऊन बसत्यात म्हनून सोसलं."

विजयमालाने आपला हात उलटसुलट करून करंगळीकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी गंगाधरराव खिडकीशी बसून विचार करत राहिले. लढाईत पाय गेलेल्या शिपायाच्या नसलेल्या पायाला खाज सुटते, हे त्यांना ठाऊक होतं. तीस वर्षं बोटांनी बळकावलेल्या मेंदूने एक हात रचला असेल, तर त्यात अशक्य काही नव्हतं. वाकडी करंगळी जरा जास्त झाली, असं त्यांना वाटलं. पण रचायचंच म्हटल्यावर मेंदू अर्धवट कशाला रचेल?

त्यानंतर बनुबाई घरच्यांबरोबर गावी गेली. वैशाखात नाथाजी एकटाच आला. जिना चढून आला आणि उभाच राहिला.

"ती डोळं मिटाया लागलीया, साहेब."

"कधी?"

"आधी नुसतं जात्यावर. आता सकाळचीबी. चष्मा काढून फळीवर ठिवती. म्हनती, डोळं उघडं ठिवलं की दुपारी त्यो हात हलका लागतुया. दिसामाशी हलका व्हत चाललाय. उद्या लागायचाच न्हाई."

"तसंच व्हायला हवं," गंगाधरराव म्हणाले. "डोळे आपली जागा परत घेताहेत."

"मीबी तेच बोललो. तर म्हनती, मरू दे ती नजर." नाथाजीने टोपी काढून हातात घेतली. "अजून माजं तोंड तिनं धड बघितलं न्हाई वो. तुमी एकवार चला."

गंगाधररावांना दुसऱ्याच्या घरी जायचा फार संकोच वाटे. पण नजर अशी टाकून दिली तर ती थोड्याच दिवसांत कायमची जाईल, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे रंगीत पुठ्ठे पिशवीत टाकून ते नाथाजीबरोबर निघाले. साताऱ्याच्या स्टँडवर गाडी बदलली. पुढे उसाचे फड, कालव्याचा गढूळ पाट, साखर कारखान्याची चिमणी, आणि मळीचा आंबूस वास. घरी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं.

घर साधं होतं. पुढे सोपा, मागे कौलारू माजघर. माजघराला खिडकी नव्हती. छपरात काचेचं एक कौल बसवलेलं होतं, आणि त्यातून उन्हाचा एक पट्टा खाली जात्याच्या पाळीवर पडला होता. विजयमाला रानात गेली होती. लालासाहेब जेवून सोप्यात लवंडले होते. त्यांची झोपमोड नको म्हणून सगळं बोलणं दबक्या आवाजात झालं.

बनुबाई चष्म्याशिवाय, डोळे मिटून, सुपात तूर पाखडत होती. गंगाधरराव उंबऱ्यावर टेकू लागले तसं पावलाच्या आवाजावरूनच तिने ओळखलं. "उंबऱ्यावर नगा बसू, डाक्टर. पाट घ्या."

ते पाटावर बसले. "तिथं कुणी नाही, बनुबाई."

"तुमी म्हनता म्हंजी नसंल."

"तुमची बोटं तसं भासवतात. त्यात तुमचा दोष नाही."

"व्हय."

"मग एकदा जात्यावर डोळे उघडून बघा. बघितलंत की मनातली शंका फिटेल."

बनुबाईचं सूप थांबलं. "आन् बघितलं, आन् कुनी नसलं तर?"

"तर नाही."

"मग इतकी वर्सं मी येकलीच व्हते की वो."

याचं उत्तर विलायतेत कुणी शिकवलं नव्हतं.

दारातून नाथाजी म्हणाला, "मी हाय की गं."

"तुमी पल्टनीत हुता," बनुबाई म्हणाली. त्यात राग नव्हता. नाथाजीने मान खाली घातली.

मग तिने स्वतःच हात पुढे केला. "द्या त्यो चष्मा. बघती. पर जातं थांबवायचं न्हाई. फिरताना बघती."

तिने जात्यात मूठभर तूर टाकली, खुंटा धरला आणि फिरवायला सुरुवात केली. डोळे भिंगांमागे मिटलेलेच होते. गंगाधरराव ऐकू लागले. एकटी बाई जातं ओढते तेव्हा दगड जवळच्या बाजूने झरकन येतो आणि पलीकडच्या बाजूला जड होतो. घरघर चढते आणि पडते. सुरुवातीला तशीच घरघर होती. मग ती हळूहळू सारखी झाली. गंगाधररावांनी मनाशी म्हटलं, दगडाला छिन्नीची टाकी चांगली लावलेली दिसते.

काचेच्या कौलातून आलेल्या उन्हात तुरीची धूळ तरंगत होती. बनुबाईच्या समोर शेणाने सारवलेली जमीन, त्यामागे भिंतीला टेकवलेली सूपं. बाकी काही नव्हतं.

"आता," गंगाधरराव म्हणाले.

बनुबाईने डोळे उघडले.

ती सरळ समोर पाहत राहिली. जात्याची लय चुकली नाही.

"काय गं?" नाथाजीने विचारलं. "हाय का कोन?"

"हायती," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "डोळं मिटून बसल्यात."

अशा वेळी काय विचारायचं, याची गंगाधररावांना सवय होती, आणि त्या सवयीनेच ते बोलले. "लुगड्याचा रंग कोणता?"

"तुमी दावलेला न्हाई त्यो."

त्यांनी पिशवीतून पुठ्ठे काढले आणि एकेक करून तिच्यापुढे धरले. ती प्रत्येकाकडे पाही, मग समोर पाही.

"न्हाई. ह्योबी न्हाई. न्हाई."

पुठ्ठे संपले.

"चेहरा कसा आहे?"

"त्यो कुठं मला अजून कळतुया, हात लावल्याबिगर?"

असं म्हणून तिने हात पुढे केले.

तिची बोटं हवेत, तिच्या तोंडाच्या उंचीवर, थांबली. मग फिरू लागली. कपाळ, भुवया, नाकाचा दांडा, गाल. गंगाधररावांनी अशी फिरणारी बोटं पुष्कळदा पाहिली होती. त्यांचं लक्ष बोटांच्या टोकांकडे गेलं. ती नुसती हवेत वळत नव्हती. दाबली जाऊन चपटी होत होती. नखांच्या कडा पांढऱ्या पडत होत्या.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की तिने दोन्ही हात पुढे केले आहेत.

खुंटा मोकळा होता.

जातं फिरत होतं.

घरघर तशीच, सारखी. तूर संपली होती. दगडावर दगड खरखरू लागला. उन्हाच्या पट्ट्यातून खुंट्याचं लाकूड येत होतं, जात होतं. लाकूड जिथं हाताने गुळगुळीत झालं होतं, तिथं ते चमकत होतं.

"माझ्यावानीच हायती," बनुबाई म्हणाली. "जल्मापासनं."

तिचे दोन्ही अंगठे हवेत एका उंचीवर येऊन टेकले.

"उघडा की वो," ती हलक्या आवाजात म्हणाली. "भ्याचं न्हाई. आधी नुसता उजेड दिसतुया. मग सारं येतंय हळूहळू."

हे शब्द गंगाधररावांचे होते. पट्टी काढताना ते तिला हेच म्हणाले होते.

जातं थांबलं.

सोप्यातून लालासाहेबांचा झोपाळलेला आवाज आला. "का गं थांबलीस?"

नाथाजी दारातून मागे वळला, अंगणातल्या रांजणापाशी गेला आणि तांब्याभर पाणी त्याने डोक्यावर ओतून घेतलं. नंतर स्टँडपर्यंत पोचवायला तो आला, पण वाटेत तो फक्त उसाबद्दल बोलला, आणि गंगाधररावांनीही उसाबद्दलच विचारलं.

सांगलीला आल्यावर त्यांनी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. जड दगड एकदा वेगात आला, की सोडल्यावरही थोडा फिरतो. ओळखीच्या एका घरी जाऊन त्यांनी जातं फिरवून पाहिलं. खुंटा सोडल्यावर दगड अर्ध्या फेऱ्यातच थबकला. त्या घरच्या बाईंनी चहा दिला आणि काही विचारलं नाही. आपण तेव्हा उन्हातून आलो होतो, दमलो होतो, जे पाहिलं ते नीट पाहिलं नसेल, असं त्यांनी ठरवलं. स्वतःवर विश्वास न ठेवणं त्यांना तसं अवघड नव्हतं.

दसऱ्यानंतर बनुबाई तपासणीला आली.

ती जिना कशी चढते, ते पाहायला गंगाधरराव मुद्दाम वर दाराशी उभे राहिले. ती छान चढली. पायरी पाहून पाऊल टाकत होती, कठड्याला हात नव्हता. फक्त तिचा डावा हात कोपरात वाकवून जरासा मागे धरलेला होता, आणि दर वळणावर ती मान किंचित फिरवून म्हणत होती, "पायरी हाय." मागून, बरंच अंतर ठेवून, नाथाजी येत होता.

"दमलात?" गंगाधररावांनी त्याला विचारलं.

"फलटनपसनं हुबाच हाय, साहेब."

"गाडीला गर्दी होती?"

"न्हाई. दोन जागा मिळाल्या की." नाथाजीने बनुबाईकडे पाहिलं. "दोघींस्नी मिळाल्या."

गंगाधररावांनी ठोकळे मांडायला घेतले.

तपासणी उत्तम झाली. ठोकळे, रंग, अंतर, सगळं तिला आलं. सरतेशेवटी त्यांनी नाथाजीला समोर उभं केलं, दोघा परक्या माणसांच्या मध्ये, तिघांनाही तोंड उघडू न देता. बनुबाईने हात पुढे केले नाहीत. एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली आणि मधल्याकडे बोट दाखवलं.

"मिशी पांढरी झाली की वो तुमची," ती म्हणाली. "बोटांस्नी कदी कळलंच न्हाई."

नाथाजीने रुमालाने तोंड पुसलं. तिशीतला मेंदू बघायला शिकला होता. मोठमोठ्या लोकांनी होणार नाही म्हटलेली गोष्ट त्या माडीवर झाली होती, आणि गंगाधररावांना आनंद व्हायला हवा होता.

"आता डोळे मिटत नाही ना?"

"मिटून कसं चालंल? मला बघावंच लागतंय. त्येंस्नी कोन शिकवंल मग?"

तिने बाजूची रिकामी खुर्ची दोन्ही हातांनी ओढून आपल्या शेजारी, भिंतीला पाठ करून ठेवली. थोडा वेळ ती खुर्चीच्या पाठीवर हात धरून उभी राहिली, कुणी नीट बसेपर्यंत थांबावं तशी.

"काल पान्याचा तांब्या धराया गेल्या, तर हात अलीकडंच मिटला," ती म्हणाली. "मीबी तसंच करायची नव्हं? आता ह्येंचं बघा, डाक्टर. एवढ्यासाठीच आनलंय."

खिडकीच्या झडपा लावून परिचारिका अनसूयाबाई तिथंच थांबल्या. नाथाजी जिन्याकडे तोंड करून उभा राहिला.

नको म्हटलं तर रुग्ण दुखावेल. झालेलं सगळं काम फुकट जाईल, ती पुन्हा डोळे मिटून बसेल. गंगाधररावांनी स्वतःला हे कारण दिलं. ते पटण्यासारखं होतं. त्यांनी खिशातून लहान टॉर्च काढला, रिकाम्या खुर्चीपुढे स्टुलावर बसले, आणि कुठल्याही रुग्णापुढे धरावा तसा तो धरून बटण दाबलं.

खुर्चीमागची भिंत दसऱ्यालाच पांढरी करून घेतली होती. उजेडाचा गोल तिच्यावर पडायला हवा होता.

पडला नाही.

त्यांनी टॉर्चच्या काचेकडे पाहिलं. उजेड होता. टॉर्च डावीकडे नेला. भिंतीवर गोल उमटला. हळूहळू मध्ये आणला. गोल एका बाजूने झिजत झिजत गेला आणि नाहीसा झाला. उजवीकडे नेला. पुन्हा उमटला.

अनसूयाबाईंचा श्वास त्यांना ऐकू येत होता.

त्यांनी टॉर्च पुन्हा मध्ये आणला, आणि बाहुली आकसते का, ते बघायला वाकावं तसे थोडे पुढे झुकले.

"जरा मागं घ्या," बनुबाई म्हणाली. "सोसंना त्येंस्नी."